गोल्फच्या मशीनआधी पायाखालची जमीन तपासा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नागपुरात वाढत चाललेल्या इनडोअर गोल्फवर लेख आला होता. पडदा, प्रोजेक्टर, एसी, कॉफी, यंत्राची किंमत, सगळं त्यात होतं. चेंडू ज्या जमिनीवर ठेवतात तिच्याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. मी सक्करदऱ्यातला फरशीचा ठेकेदार. कोबा, शहाबादी, कोटा, मोझॅक आणि आता व्हिट्रिफाइड, यांतच हयात गेली. कुठेही शिरलो की माझी नजर आधी खाली जाते, हा धंद्याचा दोष समजा. अलीकडे वर्धा रोड आणि मनीषनगरकडे अशा गोल्फच्या खोल्यांची जमीन करायची कामं माझ्याकडे आली. त्याहून जास्त वेळा आले ते 'मशीन चुकून राहिली, जरा येऊन पाहा' असे फोन. मशीन चुकते म्हणून फरशीवाल्याला बोलावतात, हे ऐकून माझे कारागीर हसतात. पण बोलावणाऱ्याचं बरोबर असतं.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानावर चेंडू दीडशे मीटर जातो, खोलीत तो तीन-चार मीटरवर पडद्याला थडकून खाली पडतो. पुढचं सगळं उड्डाण संगणक हिशेबानं काढतो. चेंडू सुटला त्या क्षणी त्याचा वेग किती, तो किती अंश वर निघाला, डावीकडे की उजवीकडे, आणि स्वतःभोवती किती फिरतो, एवढ्या भांडवलावर पडद्यावरचे दीडशे मीटर उभे असतात. हे भांडवल मोजणारं यंत्र म्हणजे लाँच मॉनिटर. काही यंत्रं रडारची असतात. ती चेंडूच्या मागे ठेवतात. गार्मिनचं छोटं यंत्र सहा ते आठ फूट मागे ठेवायला सांगतात. डेन्मार्कच्या ट्रॅकमनचं नाव झालं तेही रडारवरच. काही यंत्रं कॅमेऱ्याची असतात आणि चेंडूच्या बाजूला जमिनीवर बसतात; फोरसाइटच्या जीसीक्वाडमध्ये असे चार कॅमेरे आहेत. तिसरी जात छताला टांगलेली, वरून खाली पाहणारी. बाजूचं यंत्र जमिनीवर बसतं, मागचं जमिनीवर उभं राहतं आणि वरचं जमिनीकडेच पाहतं. तिघांचाही हिशेब जमिनीपासून सुरू होतो.

आता उताराचं. आपल्याकडे जमीन सपाट दिसते, सपाट नसते. गच्चीला पाणी वाहून जावं म्हणून मीटरला साधारण एक सेंटिमीटर ढाळ देतात. तो डोळ्याला दिसत नाही, पण अंशात मोजला तर अर्ध्या अंशाहून थोडा जास्त भरतो. पोर्च आणि पार्किंगला याहून जास्त ढाळ असतो. आणि आपल्या शहरात या गोल्फच्या खोल्या होतात कुठे? गच्चीवर पत्र्याचं शेड टाकून, नाहीतर बंगल्याचं पार्किंग बंद करून. पावसाच्या पाण्यासाठी केलेल्या उतारावर लाखांचं यंत्र नेऊन ठेवतात आणि मग आकडे भांडतात.

माझ्या भाचीच्या बाबतीत हेच झालं. ती चौदा वर्षांची आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली तेव्हा पहाटे उठून टीव्हीसमोर बसलेल्या पोरींपैकी ती एक. एका ठिकाणी ती सेव्हन आयर्न या क्लबनं (म्हणजे चेंडू मारायच्या काठीनं) मारायची तेव्हा चेंडू साधारण १८ अंशांनी उडताना दिसायचा. दुसऱ्या एका केंद्रात (नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत) तोच क्लब, तेच चेंडू, आणि आकडा सतत दीड अंशानं वर. तिथल्या कोचनं तिला सांगितलं की तुझं मनगट आधी उलटतं, पकड बदल. पोरगी घरी येऊन रडकुंडीला. मला म्हणाली, "मामा, पहिल्या ठिकाणी तर असं काहीच नव्हतं, मंग माझ्या हाताले काय झालं?"

मी दोन्हीकडे गेलो. नेताना पाणी भरलेली लेव्हलची नळी आणि अॅल्युमिनियमचा गज नेला. दुसरं केंद्र जुन्या पार्किंगमध्ये होतं. पडद्याच्या बाजूला पूर्वीची नाली, आणि जमीन तिकडे मीटरला अडीच सेंटिमीटर उतरलेली. मॅट बसवणारा माणूस शहाणा होता. त्यानं खाली प्लायच्या चिपा सारून मॅट बरोबर पातळीत आणली होती. यंत्र मात्र तसंच उघड्या फरशीवर, नाक खाली करून बसलेलं. यंत्र स्वतः खाली पाहत असेल तर सरळ निघालेला चेंडूही त्याला वर चढताना दिसणार. मीटरला अडीच सेंटिमीटर म्हणजे जवळपास दीड अंश, आणि पोरीच्या मनगटाच्या नावावर लिहिलेला फरकही तेवढाच. यंत्राखाली चीप दिली आणि आकडा खाली आला. लगतच्या दोन आयर्नमध्ये लॉफ्टचा, म्हणजे क्लबच्या तोंडाच्या तिरकेपणाचा, फरक साधारण चार अंशांचा असतो; दीड अंश म्हणजे एका क्लबचा एक तृतीयांशाहून जास्त भाग. एवढ्यावरून मुलांची पकड बदलायला सांगायची, क्लब वाकवून घ्यायला सांगायचे?

महागड्या काही यंत्रांमध्ये आतच झुकाव मोजणारा सेन्सर असतो. आपण किती कललोय हे त्यांना कळतं आणि ती हिशेबात वजावट करतात. स्वस्त यंत्रात पायाचे स्क्रू फिरवून बुडबुडा मध्ये आणावा लागतो, आणि हे दर वेळी यंत्र हलवल्यावर करावं लागतं, हे कोणी करत नाही. शिवाय सेन्सर फक्त यंत्राचा झुकाव सांगतो. खेळणाऱ्याच्या पायाखालचा उतार त्याच्या गावीही नसतो. झुकाव आडवा असला, म्हणजे यंत्र चेंडूकडे वाकलं किंवा मागे रेललं, तर चेंडूच्या फिरण्याचा आस तेवढाच तिरपा मोजला जातो आणि सरळ शॉट पडद्यावर वळायला लागतो. यंत्र बसवताना पडद्याच्या दिशेशी एक अंशानं वाकडं ठेवलं तर आणखी सोपा हिशेब आहे: दीडशे मीटरवर चेंडू अडीच मीटरहून जास्त बाजूला पडलेला दिसतो. फरशीचे सांधे भिंतीला समांतर असतीलच असं समजून सांध्याच्या रेघेवर यंत्र ठेवणारे मी पाहिलेत. जुन्या घरात गुण्या लावून पाहा, खोलीचा एकही कोपरा काटकोनात भेटणार नाही.

मॅटची तऱ्हा वेगळीच. धरमपेठेतल्या एका मालकाचा फोन आला, "काका, नवीन मॅट आणली तेव्हापासून सगळ्यांचेच शॉट डावीकडे जाऊन राहिले. कंपनीवाला म्हणते मशीन ओके हाय." जाऊन पाहिलं तर जुन्या पातळ मॅटच्या जागी जाडजूड, छान मऊ मॅट आली होती, पण फक्त चेंडूपुरती. खेळणारा उभा राहणार बाहेर, पातळ कार्पेटवर. चेंडू पायांपेक्षा तीन सेंटिमीटर वर. माणूस चेंडूपासून पाऊण-एक मीटरवर उभा राहतो, म्हणजे त्याला दोन अंशांच्या चढावर उभं केल्यासारखं झालं. मैदानावर चेंडू पायांच्या वर असला की उजव्या हाताच्या खेळाडूचा शॉट डावीकडे जातो, हे गोल्फ शिकवणारा पहिल्या महिन्यात सांगतो. खोलीत तेच झालं आणि यंत्रानं तेच इमानदारीनं सांगितलं. बाजूचं यंत्रही जुन्याच पातळीवर राहिलं होतं, त्यामुळे मधूनमधून चेंडूच सापडत नव्हता. उभं राहायची जागा आणि यंत्राची बैठक, दोन्ही मॅटच्या उंचीला आणली आणि तक्रार बंद झाली. छताला टांगलेलं यंत्र असेल तर मॅट बदलल्यावर ते नव्यानं कॅलिब्रेट करावं लागतं, कारण जमीन किती खाली आहे हे त्याला बसवतानाच शिकवलेलं असतं. जाड मॅट वर्ष-सहा महिन्यांत मधोमध दबते, तिथे खळगा पडतो आणि पातळी पुन्हा बदलते. मॅट सरकवून वापरा किंवा मधली पट्टी बदला, दुसरा इलाज नाही.

इथवर जे सांगितलं ते लेव्हल लावून दुरुस्त होतं. पुढची गोष्ट मला जास्त खटकते, कारण तिथे यंत्राचा काहीच दोष नसतो.

मॅटच्या खाली काँक्रीट किंवा फरशी असते. माणूस नवीन असला की क्लब चेंडूच्या दोन-तीन सेंटिमीटर अलीकडे जमिनीला लागतो. मैदानावर असं झालं की क्लब मातीत रुततो, ढेकूळ उडतं, चेंडू चार पावलांवर जाऊन पडतो आणि माणूस इकडेतिकडे पाहतो. खोलीत क्लब मॅटवर आपटतो, खालची फरशी त्याला आत जाऊ देत नाही, तो घसरत पुढे येतो आणि चेंडूला जवळपास पूर्ण वेगानं लागतो. यंत्र चेंडू पाहतं. चेंडू खरंच वेगात गेलेला असतो. पडद्यावर १३५ मीटर लिहून येतात आणि ते खोटं नसतं. खोटी असते ती जमीन, जी मातीसारखी वागलीच नाही. सहा महिने असा सराव केलेला माणूस पहिल्यांदा खऱ्या गवतावर गेला की म्हणतो, "खोलीत तर सगळे बरोबर लागत होते बावा, इथं काहून होऊन राहिलं असं?"

जमिनीनं खेळ बदलतो हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. २०१५ च्या नोव्हेंबरात जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर दक्षिण आफ्रिकेची कसोटी तीन दिवसांत आटोपली, अश्विननं दोन डावांत मिळून १२ बळी घेतले, आणि नंतर आयसीसीनं ती खेळपट्टी खराब ठरवली. त्या वेळी चहाच्या टपरीवरही फलंदाजांपेक्षा मातीवर जास्त बोलणं व्हायचं. त्याच शहरात गोल्फच्या खोलीत मात्र जमिनीचा विषय निघत नाही. अमेरिकेत टायगर वूड्स आणि रोरी मॅकिलरॉय यांनी जानेवारी २०२५ मध्ये छताखाली खेळायची टीजीएल नावाची लीग सुरू केली. फ्लोरिडातल्या त्या सभागृहात भला मोठा पडदा आहे, चेंडू मोजणारी यंत्रणा आहे, पण खेळाडू चेंडू मारतात तो खऱ्या गवतावरून आणि खऱ्या वाळूतून. एवढा खर्च करून गवत आत का नेलं असेल, याचा विचार करा.

आपल्याला ते परवडणार नाही, हे मला कळतं. पण मॅटच्या खाली दबणारा थर देता येतो. चेंडूच्या जागेची पट्टी वेगळी, मऊ आणि बदलता येण्यासारखी ठेवता येते. तिथे फरशी थोडी खोल बसवून वर जाड पट्टी आली की ती बाकीच्या जमिनीच्या पातळीत बसते, ठेचही लागत नाही. याचा आणखी एक फायदा आहे. कडक फरशीवर शंभर-दोनशे शॉट मारले की प्रत्येक धक्का मनगटातून कोपरात जातो. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं त्याला डॉक्टर गोल्फर्स एल्बोच म्हणतात. आम्हा फरशीवाल्यांना छिन्नी-हातोड्यानं हे दुखणं होतं, त्यामुळे मला ते पुस्तकातून वाचावं लागलं नाही. कोपर दुखायला लागलं की माणूस नकळत क्लब जमिनीला लावायचं टाळतो, चेंडूचा वरचा भाग मारतो, आणि यंत्र पुन्हा आपलं खरं खरं सांगत राहतं.

चकाकीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मालक माझ्यावर चिडतात. सगळ्यांना मोरबीची मोठी, आरशासारखी फरशी हवी. कॅमेऱ्याचं यंत्र इन्फ्रारेड प्रकाश टाकून चेंडूचे एकामागून एक फोटो घेतं. चकचकीत फरशीत तो प्रकाश परत उसळतो, चेंडूचं प्रतिबिंबही पडतं, आणि पांढऱ्या फरशीवर पांढरा चेंडू वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला शोधावा लागतो. त्यात पश्चिमेची काच असली तर विचारूच नका. आपल्याकडचं चार वाजताचं ऊन फरशीवर पडलं की त्यातही इन्फ्रारेड भरपूर असतं. यंत्राच्या समोर आणि चेंडूभोवती काळपट, चमक नसलेली जमीन ठेवा. पॉलिश न केलेला कोटा चालतो, साधा कोबा त्याहून चांगला. यात माझं नुकसान आहे, कारण ठेकेदाराला पैसा मोठ्या फरशीत सुटतो, कोब्यात नाही.

लाकडी फळ्यांचं किंवा प्लायचं चौथरं करून त्यावर खेळाडू आणि यंत्र दोघांना बसवायची फॅशन आली आहे. पोकळ चौथरा बोलतो. खेळाडू मागच्या पायावरून पुढच्या पायावर वजन टाकतो तेव्हा फळी दबते, आणि ती दबते नेमकी त्याच क्षणी जेव्हा यंत्र फोटो घेत असतं. यंत्राची बैठक वेगळी करा, खालच्या पक्क्या काँक्रीटवर टेकवा. उन्हाळ्यात खोलीत कूलर लावणाऱ्यांनी रडारचं यंत्र असेल तर कूलरचं तोंड दुसरीकडे करावं. फिरणारं पातं डॉपलर रडारला हालचालच वाटते, शिवाय कूलर ज्या जमिनीवर थरथरतो तीच जमीन यंत्राखाली असते.

आता आपल्या मातीबद्दल. हे कंपनीच्या कागदात सापडणार नाही, कारण त्यांच्याकडे ही माती नाही. नागपूरच्या बऱ्याच भागांत जोत्याखाली काळी कापसाची माती आहे. ती उन्हाळ्यात आटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस लागला की पाणी पिऊन फुगते. फुगताना तिच्यात एवढा जोर असतो की हलकी भिंत तडकते आणि तळमजल्याची फरशी उचलते. पावसाळ्यात दार घासायला लागलं की सगळे लाकडाला दोष देतात. पुष्कळदा उंबरा वर आलेला असतो. साठ सेंटिमीटरच्या फरशीचा एक काठ पाच मिलिमीटर उचलला तर तिच्यावर बसलेलं यंत्र अर्ध्या अंशानं कललं. मे महिन्यात कंपनीच्या माणसानं लेव्हल करून दिलेलं यंत्र ऑगस्टमध्ये दुसऱ्याच जमिनीवर बसलेलं असतं. मालक म्हणतो, "आम्ही तर हातही लावला नाही." खरंच लावलेला नसतो.

याचा इलाज नवीन नाही. काळी माती पुरेशी खोल काढून मुरमाचा भराव घालायचा, थराथरानं पाणी मारून धुम्मस करायचा, आणि इमारतीच्या कडेनं पाणी मुरणार नाही असा फरसबंद पट्टा करायचा. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर काळ्या मातीवर देण्याची पद्धत रुजवली. कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कामात ती वापरली गेली आहे. इमारतीसाठी रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेनं पुढे आणलेले, तळाशी फुगीर असलेले पाईल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहेत. पण पाईल भिंती आणि कॉलम धरतात. मधली जमीन भरावावरच असते, ती मोकळी हलते. म्हणून तळमजल्यावर गोल्फची खोली करणाऱ्यानं बिल्डरला पायाबद्दल विचारून समाधान मानू नये, भरावात काय आहे ते विचारावं. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर ही कटकट नाही. तिथे स्लॅबची लवचिकता आणि खालच्या दुकानदाराची डोकेदुखी, एवढंच पाहायचं.

पटिंग (चेंडू हळूच घरंगळवत भोकात टाकणं) करणाऱ्यांसाठी एक आडवळण. काही केंद्रांत पडद्यासमोर कार्पेटवर चेंडू घरंगळवून पट मोजतात. पट हा सगळ्यात हळू जाणारा शॉट, त्यामुळे जमिनीची चूक त्याला सगळ्यात जास्त लागते. कार्पेटखालचा फरशीचा सांधा एक मिलिमीटर वर असला तरी चेंडू तिथे उडी मारतो. तपासायला यंत्र लागत नाही. कार्पेट उचला, गुळगुळीत कंचा ठेवा आणि तो कुठे निघतो ते पाहा. गोल्फचा चेंडू वापरू नका, त्याच्यावरच्या खळ्यांमुळे तो थोड्या उतारावर अडून बसतो.

तर मालकांना माझं सांगणं असं. यंत्राचा आगाऊ धनादेश देण्याआधी जमीन करून घ्या. पडद्यापासून खेळाडूच्या मागेपर्यंत एकच पातळी धरा. दोन मीटरच्या गजाखाली तीन मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर ठेकेदाराकडून पुन्हा करून घ्या, मी असलो तरी. चेंडूची जागा, पायांची जागा आणि यंत्राची बैठक या तिन्हींची उंची एकमेकींशी जुळवा. फरशी टिचकीनं वाजवून पाहा, पोकळ वाजली तर उचलून परत बसवा. मृगाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा पातळी मोजा. मोबाइलच्या लेव्हलवर विसंबू नका. मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असलेला फोन फरशीवर मुळातच तिरपा बसतो. पाण्याची नळी पन्नास-शंभर रुपयांत मिळते आणि तिला चार्जिंग लागत नाही.

पालकांना आणि कोचांना सांगणं वेगळं. हल्ली अशा खोल्यांतले आकडे पाहून मुलांना बॅचमध्ये घेतात, वरच्या गटात टाकतात, क्लब विकतात. एका केंद्रातल्या आकड्याची दुसऱ्या केंद्रातल्या आकड्याशी तुलना करू नका. तिथे दोन यंत्रांइतक्याच दोन जमिनीही वेगळ्या असतात. निवड करायची असेल तर सगळ्या मुलांना एकाच मॅटवर, एकाच दिवशी मारायला लावा, आणि त्यातले काही शॉट मैदानावर नेऊन पाहा. मुलाच्या नावापुढे वेग आणि कोन लिहिता त्याच कागदावर मॅट कोणती, ती किती जुनी आणि जमीन शेवटची कधी मोजली हेही लिहा. एवढा रकाना छापायला कुठल्याही केंद्राला काही खर्च नाही. ज्या केंद्रात हा रकाना रिकामा असेल तिथे आकड्यावरून मुलाला नापास करू देऊ नका, त्याची पकडही बदलू देऊ नका.

आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी या विषयावर लिहिणाऱ्या प्रतिनिधीनं केंद्रात गेल्यावर मालकाला एवढंच विचारावं: मॅटखाली काय आहे, आणि पातळी कोणत्या महिन्यात मोजली?

आपला,
एक फरशी ठेकेदार
सक्करदरा, नागपूर